आंब्याच्या पानांवरील गाठी

अंबरनाथ-बदलापूरच्या एखाद्या परसांत किंवा उल्हासनगरच्या गल्लींत आंब्याचें झाड दिसलें, तर त्याचीं पानें जवळून पाहा. कांहींवर मुगाएवढ्या टणक गाठी आढळण्याचा संभव आहे. झाडास रोग जडला या समजुतीनें गृहस्थ फवारणीची, क्वचित् झाड तोडण्याचीहि भाषा बोलूं लागतात. तत्पूर्वीं या गाठींची हकीकत ऐकून घ्यावी.

ही करणी मिजमाशीची. डासाची ही दूरची नातलग डासाहूनहि लहान असते. तिच्या एका प्रमुख जातीचें शास्त्रीय वर्णन किफर व चेक्कोनी यांनीं १९०६ सालीं केलें. मादी अंडीं घालते तीं तांबूस, कोंवळ्या पालवीवर. कारण जून पानास नवा आकार देतां येत नाहीं. अळी पानांत शिरते आणि तिच्याभोंवतालच्या पेशी फुगूं व वाढूं लागतात. म्हणजे घर अळीचें, परंतु तें बांधतें पान, आणि तेंहि स्वतःच्याच द्रव्यानें! आंतील मऊ अस्तर हेंच अळीचें अन्न. कोशावस्थाहि तेथेंच संपते. पंख फुटलेली माशी बाहेर पडून एक-दोन दिवस जगते.

गाठी थोड्या असल्या तर मोठ्या झाडाचें कांहीं बिघडत नाहीं. पान गाठींनीं भरून गेलें, तर त्याचा अन्न तयार करणारा हिरवा भाग घटतो, तें वांकडें होतें व अकालीं गळतें. लहान कलमास हा तोटा जाणवतो. याच कुळांतील भातावरची गादमाशी मात्र पूर्व विदर्भांतील शेतकऱ्यास रडविते. तिची अळी रोपाच्या वाढत्या कोंबाशीं पोंचते. तेथें पोकळ, रुपेरी पोंगा निघतो व त्या फुटव्यास लोंबीच धरत नाहीं. घाव पानावर कीं कोंबावर, यावर सारें अवलंबून आहे.

आतां उपाय. गाठीच्या आंत बसलेल्या अळीस वरून मारलेलें औषध सहसा पोंचत नाहीं. तें मारतें अळीवर उपजीविका करणाऱ्या, गांधीलमाशीच्या वर्गांतील सूक्ष्म कीटकांस, म्हणजे आपल्याच मित्रांस. शिवाय छिद्र पडलेली गाठ रिकामी असते. तिच्यावर फवारणी व्यर्थ. लहान कलमावर छिद्रें न पडलेल्या गाठींनीं दाटलेलीं पानें दिसल्यास तीं खुडून खोल पुरावीं. मोठें झाड तसेंच राहूं द्यावें. कुऱ्हाडीचें येथें कांहीं काम नाहीं.