पोपटाला मिरची झोंबत का नाही?

लवंगी मिरची पोपट कशी खातो, पाहिलंय? मिटक्या मारत! (आपले देशी पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा आपण शेतात येणाऱ्या पोपटाबद्दल बोलतोय हं.) तीच मिरची तुम्ही चावलीत तर? नाकाडोळ्यांतून पाणी!

गंमत म्हणजे तिखट ही चव नाहीच. उष्णता ओळखणारं एक प्रथिन आपल्या तोंडात असतं. गरम चहाने जीभ पोळली, की तेच मेंदूला कळवतं. मिरचीतलं कॅप्सेसिन नावाचं रसायन नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं आणि मेंदूला वाटतं, भाजलं! शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने हे प्रथिन 1997 साली शोधलं. 2021 साली ज्युलियस यांना नोबेल मिळालं. पक्ष्यांकडेही हे प्रथिन आहे. फक्त ते बनवण्याची कृती ज्या जनुकात असते, त्यात थोडा फरक आहे. म्हणून कोंबडीला चटका कळतो, मिरची कळत नाही.

पण मिरचीला तिखट होऊन काय मिळालं? ती मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणली. मग तिथल्याच ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या उंदरांना आणि पक्ष्यांना शास्त्रज्ञांनी मिरच्या खायला घातल्या. मुद्दाम बिनतिखट, नाहीतर उंदीर तोंड लावतात कशाला! उंदरांनी बिया दाढांखाली चिरडल्या, पोटात गेलेली एकही रुजली नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतल्या बिया मात्र छान उगवल्या. म्हणजे ज्या झाडाची मिरची उंदीर टाळतात आणि पक्षी खातात, त्याचीच रोपं जास्त. पिढ्यान्‌पिढ्या असं होत राहिलं, की तिखट झाडंच टिकतात. हीच नैसर्गिक निवड. कुणी ठरवून केलेली नाही!

गोडाचं प्रकरण आणखी अजब. कोंबडीचा जीनोम, म्हणजे तिच्या सगळ्या जनुकांचा संच, 2004 साली वाचून झाला, तर गोड ओळखायला लागणारा एक जनुक त्यात सापडेचना! इतर पक्ष्यांतही तो नाही. मग फुलांतला मधुरस पिणाऱ्या हमिंगबर्डचं काय? त्याच्या पूर्वजांमध्ये मांसाची रुचकर चव ओळखणारं प्रथिन बदलत गेलं आणि साखर ओळखू लागलं. गाणाऱ्या पक्ष्यांच्या पूर्वजांतही तेच प्रथिन बदललं, पण निराळ्या जागी. जास्वंदीला लोंबकळणारा आपला शिंजीर याच गाणाऱ्यांच्या कुळातला.

आणि हो, तुमच्या मांजरीचाही गोडाचा तोच जनुक बिघडलेला आहे. ती श्रीखंड चाटेल, पण त्यातली साखर तिच्या गावीही नसते!