हमीला कोण?

सकाळी 7. निरीक्षणगृहात प्रार्थना आटोपली की पोरं नाष्ट्याच्या रांगेला लागतात. नगरचे लोक या जागेला अजून रिमांड होमच म्हणतात. रांगेच्या शेवटी काल रात्री आलेला मुलगा उभा आहे. पाथर्डीकडचा, पंधरा वर्षांचा, मोटारसायकल चोरीचा संशय. पोलिसांनी त्याला कोठडीत ठेवलं नाही. रात्रीच बाल न्याय मंडळाच्या एका सदस्यासमोर हजर केलं आणि तिथून इकडे आणलं. कायद्याला हेच अपेक्षित आहे. त्याचं नाव-गाव मी देत नाही, खुणाही बदलल्या आहेत. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 मुलाची ओळख उघड करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. पोह्यांची ताटली हातात धरून तो एवढंच विचारतो, "सर, मम्मीला फोन लागला का?"

साडेनऊ. मी परिविक्षा अधिकारी. मुलाची घरची परिस्थिती, शाळा, संगत यांची चौकशी करून मंडळाला सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा, हे माझं काम. पण आधी आई-वडील सापडायला हवेत. गळीत हंगाम सुरू आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कितीतरी वस्त्या दिवाळीनंतर ओस पडतात. याचे आई-वडील कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेत. फोन मुकादम उचलतो. "साहेब, टोळी फडात हाय. आज गाडी भरायचीय. एक जण जरी उठला तरी कोयता मोडतो, मग उचल कोण फेडणार?" कोयता म्हणजे ऊस तोडणारी जोडी, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. बऱ्याच विनवण्यांनंतर आईकडे फोन जातो. "दादा, त्याला मारलं तर नाही ना कुणी? मी येते. मुकादमाला विचारते अन् येते."

11 वाजता मंडळ बसतं. इथे उंच चौथरा नाही, आरोपीचा पिंजरा नाही. प्रमुख दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य मुलाच्या बरोबरीच्या पातळीवर बसतात. त्यांतली एक तरी महिला असतेच. पोलीस साध्या वेशात येतात. कलम 12 अगदी सरळ आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडायचं. न सोडायची कारणं तीनच: सुटल्यावर तो ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हेही कायद्यात लिहिलं आहे. अर्ध्या तासात याचा जामीन मंजूर होतो. पालकांनी बंधपत्र द्यायचं. पालक नाहीत. म्हणजे जामीन झाला, तरी मुलगा आतच.

माझ्या टेबलावर ही गोष्ट पुन्हा पुन्हा येते. मुलांचे गुन्हे भरमसाट वाढलेत असं चौकाचौकात ऐकू येतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे मात्र देशात 2021 मध्ये 31,170 आणि 2022 मध्ये 30,555 गुन्हे दाखवतात. पकडल्या जाणाऱ्यांत तीन चतुर्थांशांहून जास्त मुलं सोळा ते अठरा वयाची. कोण किती दिवस आत राहतो, हे मला तरी गुन्ह्यापेक्षा घरावरून ठरताना दिसतं.

पुण्यात 19 मे 2024 ला कल्याणीनगरात भरधाव पोर्शेखाली दोघांचा जीव गेला. चालवणाऱ्या मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला, 300 शब्दांचा निबंध लिहायची अट घालून. लोक खवळले, ते साहजिकच होतं. मग मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. 25 जूनला मुंबई उच्च न्यायालयाने निरीक्षणगृहात ठेवण्याचे ते आदेश बेकायदा ठरवले आणि मुलाला आत्याच्या ताब्यात दिलं. तो निकाल कायद्याला धरून होता असंच माझं मत आहे. फरक एवढाच, की त्याच्यासाठी उच्च न्यायालयात जाणारी आत्या होती. माझ्याकडच्या या मुलाची आत्या त्याच्या आई-वडिलांबरोबर त्याच फडात मोळ्या बांधतेय.

दुपारी जेवण उरकून गृहभेटीला निघतो. करंजी घाट ओलांडून वस्तीवर पोचेपर्यंत 3 वाजतात. ओळीने घरं, कड्यांना कुलपं. एकाच दारात त्याची आजी बसलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आत खुंटीला दप्तर, त्यात नववीची पुस्तकं, भूगोलाची वही अर्ध्यापर्यंत लिहिलेली. शाळेत हजेरीपट पाहिला. ऑक्टोबरपर्यंत मुलगा नियमित, नंतर गैरहजेरीची रांग. आई-बाप गेले त्याच आठवड्यापासून. वर्गशिक्षक फाटकापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "सर, मी उभा राहिलो हमीला, तर चालेल का?"

चालेल! त्याच कलम 12 मध्ये लिहिलंय की मुलाला जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय सोडता येतं, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवता येतं, किंवा योग्य व्यक्तीच्या हवाली करता येतं. रक्ताच्या नात्याची अट नाही. आणि जामिनाची अट सात दिवसांत पुरी झाली नाही, तर अट बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळासमोर आणावंच लागतं.

संध्याकाळी साडेसात. कार्यालयात अहवाल लिहितोय. शिफारस: पालक येईपर्यंत शिक्षकांच्या हवाली करावं, देखरेख माझी. परवा मंडळापुढे ठेवणार आहे.

वाचकहो, तुमच्या वस्तीतल्या मुलाला पोलिसांनी नेलं आणि घरी कोणी नसेल, तर तुम्ही या. चुलती, मामा, गुरुजी, शेजारी, कोणीही. आधार कार्ड सोबत आणा. वकिलाच्या खर्चाची काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, 15100 वर फोन करा. पोलिसांनी ताब्यात घेतल्यापासून 24 तासांच्या आत मुलाला मंडळासमोर आणावं लागतं. त्या वेळी त्याच्या बाजूने कोणीतरी मोठं माणूस हजर असू द्या.