कॅट्रिन सरोवरावरील आगबोट

समुद्रापासून दूर, डोंगरांनी वेढलेल्या सरोवरात मोठी आगबोट कशी न्यावी? स्कॉटलंडमधील लॉख कॅट्रिन या सुमारे १३ किलोमीटर लांबीच्या सरोवरासाठी हा प्रश्न १८९९ साली डम्बार्टन येथील डेनी या जहाजबांधणी कारखान्यास सोडवावा लागला.

१८१० साली सर वॉल्टर स्कॉट यांचे ‘द लेडी ऑफ द लेक’ हे काव्य प्रसिद्ध झाले आणि त्यातील सरोवर पाहण्यास प्रवाशांची रीघ लागली. वल्हेकऱ्यांना बरे दिवस आले. त्यामुळे १८४३ साली ‘जिप्सी’ नावाची आगबोट आली, तेव्हा त्यांच्या पोटावरच पाय आला. ती थोड्याच दिवसांत नाहीशी झाली. संशय वल्हेकऱ्यांवर गेला. परंतु वाफेस थोपविणे त्यांच्या हाती नव्हते. लवकरच ‘रॉब रॉय’ नावाची आगबोट धावू लागली.

‘सर वॉल्टर स्कॉट’ ही नवी बोट कारखान्यात प्रथम बोल्टांनी जोडून पाहण्यात आली व पुन्हा सुटी करण्यात आली. तिचे भाग पडावांतून लेव्हन नदीमार्गे लॉख लोमंडच्या काठी इन्व्हरस्नेड येथे पोहोचले. तेथून पुढे चढण. कॅट्रिन समुद्रसपाटीपासून शंभर मीटरहून अधिक उंचीवर आहे. घोड्यांच्या गाड्यांनी ते ओझे वर ओढले आणि काठावर रिव्हेट ठोकून बोट सांधण्यात आली. तिच्या यंत्रात तीन नळकांडी आहेत. एकीत काम करून निघालेली वाफ क्रमाने अधिक मोठ्या नळकांडीत प्रसरण पावते आणि तीच वाफ तीनदा राबते.

मात्र या सरोवरास आणखी एक जबाबदारी होती. पटकीच्या साथींनी पोळलेल्या ग्लासगो शहरास १८५९ पासून येथूनच पाणी मिळते. अभियंता बेटमन यांनी त्यासाठी जलवाहिनी बांधली आणि व्हिक्टोरिया राणीने तिचे उद्घाटन केले. पिण्याच्या पाण्यावर धूर सोडणारी बोट कशी चालावी? म्हणून भट्टीत धूर न करणारे कोकसारखे इंधन वापरीत. पुढे २००७च्या सुमारास जैवइंधनाची सोय झाली. यंत्र मात्र जुनेच राहिले.

२०२० साली बॉयलरला तडे गेल्याने बोट थांबली. दुरुस्तीनंतर २०२३ साली ती पुन्हा पाण्यावर आली.