जवान हुकूम मोडतो तेव्हा



फौजेविषयी आपल्या खेड्यापाड्यांत एक समजूत पक्की बसली आहे. तिथं हुकूम मोडला की सुनावणी नाही, चौकशी नाही, वरच्याच्या मनाला येईल ती शिक्षा, असं पुष्कळांना वाटतं. ज्या घरचा मुलगा भरती झाला आहे, त्या घरात तर ही धास्ती असतेच. तेव्हा हाताखालच्या जवानानं हुकूम मानला नाही किंवा उलट उत्तर दिलं, तर आपल्या भूसेनेत पुढं काय होतं, ते आज पाहू.

आधी हुकुमाला एवढी किंमत का, ते समजून घेतलं पाहिजे. शेतावरच्या गड्यानं सांगितलेलं काम उद्यावर टाकलं, तर फार तर पाण्याची एक पाळी चुकेल. पण रात्रीच्या पहाऱ्यावर जायचा शिपाई ‘मी जात नाही’ म्हणाला, तर त्याच्या भरवशावर झोपलेले दहाजण धोक्यात येतात. म्हणून 1950 च्या आर्मी ॲक्टचं 41 वं कलम कडक आहे. वरिष्ठानं समक्ष दिलेला कायदेशीर हुकूम जाणूनबुजून, अधिकाराला आव्हान देऊन धुडकावला, तर 14 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. साधी हुकूमअदुली प्रत्यक्ष मोहिमेवर असताना झाली तरी मर्यादा तीच. एरवी ती 5 वर्षांची आहे.

पण ही झाली शेवटची पायरी. तिच्या आधी बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि चांगला वरिष्ठ त्यातली एकही गाळत नाही.

पहिली पायरी नाईक-हवालदाराची. दहा-बारा जवानांची तुकडी त्याच्या हाती असते. जवानानं ऐकलं नाही, तर हवालदारानं तोच हुकूम शांतपणे, स्पष्ट शब्दांत पुन्हा सांगावा. पोराला तो ऐकू आला का, कळला का, याची खात्री करून घ्यावी. चौघांसमोर हुज्जत घालू नये. चारचौघांत पाणउतारा झाला की भित्रासुद्धा हट्टाला पेटतो. त्याला बाजूला घ्यावं नि विचारावं, ‘बाबा, काय झालं?’ कधी घरून वाईट बातमी आलेली असते, कधी रजा नामंजूर झालेली असते, कधी अंगात ताप असतो. कारण कळलं म्हणून चूक माफ होत नाही; पण आळस कोणता, अडचण कोणती आणि मुद्दाम केलेली अवज्ञा कोणती, हे तरी निवडता येतं. तिन्हींना एकच औषध चालत नाही.

मात्र पाहिलं न पाहिल्यासारखं करणं हेही चूकच. आज एकाची मुजोरी खपली, की उद्या दुसरा तेच करतो, आणि निमूटपणे काम करणाऱ्याला वाटतं, आपणच वेडे!

आणि हात उगारायचा नाही! हे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्याच कायद्याचं 47 वं कलम हाताखालच्या माणसाला मारहाण करणाऱ्या किंवा छळणाऱ्या वरिष्ठासाठी आहे. हवालदार असो की मोठा साहेब, गुन्हा शाबीत झाला तर 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कंपनी सरकारच्या काळात शिपायाच्या पाठीवर फटके ओढत. तो जमाना गेला.

समजावून भागलं नाही, तर गोष्ट सुभेदारसाहेबांकडे आणि कंपनी कमांडरकडे जाते, आणि गरज पडली तर पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरपुढं पेशी होते. तिथंही एकतर्फी निकाल नाही. आरोपाची सुनावणी जवानाच्या समक्ष होते. साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याचा, आपले साक्षीदार आणण्याचा, आपली बाजू सांगण्याचा त्याला हक्क आहे. आरोपात तथ्य नसेल, तर तो तिथंच काढून टाकला जातो. तथ्य असेल, तर ताकीद, जादा पहारा, 14 दिवसांच्या पगारापर्यंत दंड, लाइनीबाहेर जायला बंदी किंवा लष्करी कोठडी. बंदी नि कोठडी यांची कमाल मर्यादा 28 दिवस आहे. याहून भारी गुन्हा असला, म्हणजे कोर्ट मार्शल.

आता दुसरी बाजू. हुकुमाची वाट वरून खाली येते, तशी गाऱ्हाण्याची वाट खालून वर जाते. 26 व्या कलमानुसार जवान आपली तक्रार कंपनीच्या अधिकाऱ्याकडे मांडू शकतो. तक्रार त्याच अधिकाऱ्याविरुद्ध असेल, तर त्याच्या वरच्याकडे. आणि ती पुरती तपासणं वरिष्ठावर बंधनकारक आहे. कोर्ट मार्शलच्या निकालाविरुद्ध 2009 सालापासून सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे अपीलही करता येतं.

ही दुसरी वाट बुजली म्हणजे काय होतं, ते मुंबईनं 1946 साली पाहिलं. ‘तलवार’ या आरमारी शिक्षणकेंद्रातल्या खलाशांची निकृष्ट जेवणाबद्दल आणि अधिकाऱ्याच्या अपमानकारक भाषेबद्दल तक्रार होती. तिची दाद लागली नाही. 18 फेब्रुवारीला खलाशांनी जेवण आणि काम दोन्ही नाकारलं, आणि बघता बघता आग जहाजाजहाजांतून पसरली. 23 तारखेला उठाव थांबला. त्यामागं स्वातंत्र्याची ओढ होती, यात शंका नाही. पण ठिणगी पडली ती ताटावर नि तोंडच्या शब्दावर. गाऱ्हाणं वेळेवर ऐकणं हा वरिष्ठाचा दुबळेपणा नव्हे. शिस्तीचं निम्मं काम तिथंच होतं.

घरच्या मंडळींनाही एक सांगायचं आहे. ‘सुगी आहे, चार दिवस जास्त राहा’ असं रजेवर आलेल्या मुलाला म्हणू नका. रजेपेक्षा जास्त राहणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला 3 वर्षांपर्यंत कैद आहे. अडचण खरी असेल, तर मुदत संपण्याआधी पलटणीला कळवून रजा वाढवून मागावी. आणि हवालदार फार बोलतो अशी तक्रार मुलानं केली, तर त्याला सांगा: रागाच्या भरात तोंड टाकू नकोस, आधी हुकूम पाळ, मग रीतसर गाऱ्हाणं मांड.

शिक्षक बंधू-भगिनींना तर हे सहज पटेल. वर्गात जो गुरुजी आवाज चढवत नाही, पण म्हटलेलं सोडतही नाही, त्याच्या वर्गात शांतता असते. पलटणीत निराळं काही नाही. जवानाला हुकूम बांधतो, आणि हुकूम देणाऱ्याला कायदा.