साथ ओसरल्यानंतर राज्यांपुढील आरोग्यधोरणाचा प्रश्न

कोविड-१९ साठी जाहीर केलेली आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी संपुष्टात आणली. साथ ओसरली, की तातडीच्या निधीचा ओघ आटतो, कंत्राटी पदांची मुदत संपते आणि मागे उरते ती यंत्रसामग्री. ती चालवण्याची जबाबदारी मुख्यतः राज्यांवर येते. कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्य सूचीतील विषय आहे.

पीएम केअर्स निधीतून ऑक्टोबर २०२१ पर्यंत देशभरात अकराशेहून अधिक प्राणवायू निर्मिती प्रकल्प कार्यान्वित झाले. हवेतून नायट्रोजन वेगळा करणाऱ्या या प्रकल्पांना अखंड वीज, वेळोवेळी दुरुस्ती आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो. त्याचे वेतन एकरकमी अनुदानातून भागत नाही. त्यासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात दरवर्षी तरतूद करावी लागते.

राज्यांनी आरोग्यावरील खर्च आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक करावा आणि एकूण आरोग्य खर्चाचा दोनतृतीयांश भाग प्राथमिक सेवेसाठी ठेवावा, अशी शिफारस पंधराव्या वित्त आयोगाने केली होती. यातील दुसरी शिफारस राज्यकर्त्यांना अधिक अवघड वाटते. नव्या रुग्णालयाचे उद्घाटन करता येते. न आलेल्या साथीचे मात्र करता येत नाही.

या बाबतीत तामिळनाडूची रचना लक्षणीय आहे. तेथे १९३९ च्या मद्रास सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार असून, रुग्णालयांपासून वेगळे असे सार्वजनिक आरोग्य संचालनालय आहे. त्याचा निधी स्वतंत्र असतो आणि त्याच्या अधिकाऱ्यांनी या विषयाचे खास शिक्षण घेतलेले असते. रोग्यावर उपचार करणे हे त्यांचे मुख्य काम नव्हे. पिण्याचे पाणी शुद्ध आहे का, डासांची पैदास कोठे होते, एखाद्या गावात तापाचे रुग्ण अचानक का वाढले, यांकडे ते वर्षभर लक्ष ठेवतात. डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर राज्याच्या किनारी भागात मोठी साथ उद्भवली नाही, याचे श्रेय अभ्यासक या व्यवस्थेला देतात. सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचे असे स्वतंत्र संवर्ग सर्व राज्यांनी उभारावेत, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही सुचवण्यात आले आहे.

कायद्याचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. २०२० मध्ये राज्यांनी ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला, तो मुंबईतील प्लेगच्या पार्श्वभूमीवर १८९७ मध्ये झालेला, मोजक्या कलमांचा कायदा आहे. सरकारला व्यापक अधिकार देणारा हा कायदा साथ येण्यापूर्वी शासनाने काय करावे, याविषयी मौन बाळगतो. केरळने २०२३ मध्ये स्वतःचा सर्वंकष सार्वजनिक आरोग्य कायदा संमत केला. त्यात राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा तिन्ही पातळ्यांवर आरोग्य प्राधिकरणांची तरतूद आहे. या प्राधिकरणांना पुरेसा कर्मचारीवर्ग आणि निधी देणे, हे काम मात्र अर्थसंकल्पाकडेच येते.