महमूद गवानची लकाकी आणि व्हेरिएबल एनडी

शटरचं गणित मागच्या वेळी संपलं आणि या आठवड्यात फिल्टरमुळे येणाऱ्या रंगछटेकडे वळायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण भालकीच्या एका वाचकाचा प्रश्न त्याआधी यायला हवा. बिदरच्या महमूद गवान मदरशाच्या दर्शनी भिंतीचा व्हिडिओ घेताना ऊन वाढलं म्हणून त्यांनी व्हेरिएबल एनडी थोडा फिरवला. उजेड कमी झाला, पण त्याबरोबर टाइल्सची लकाकीही विझली. फिल्टर खराब आहे का, असं ते विचारतात. फिल्टर अगदी नीट आहे. व्हेरिएबल एनडी म्हणजे मुळात एकावर एक बसवलेले दोन पोलरायझर, आणि पुढचा पोलरायझर फिरला की दृश्यातलं प्रतिबिंबही बदलणारच. अंधार किती पाडता येतो, हे बघून आपल्याकडे फिल्टर घेतला जातो. माझं म्हणणं उलट आहे: शॉट चालू असताना तो किती कमी फिरवावा लागेल, हे बघून घ्यावा.

बिदरची ही भिंत त्यासाठी उत्तम साक्षीदार आहे. 1472 मध्ये बहमनींच्या या वजिराने बांधलेल्या मदरशाचं तोंड पूर्वेला, आणि उरलेल्या टाइल्सवर काचेसारखा लुकण. काचेवरून साधारण 56 अंशांच्या तिरपेपणाने परतणारा उजेड जवळजवळ पूर्ण ध्रुवित असतो. भिंतीला समांतर कॅमेरा नेत तिरकं पाहिलं तर तो उभ्या दिशेने ध्रुवित होतो, आणि पायथ्याशी उभं राहून मान वर करून पाहिलं तर आडव्या दिशेने. म्हणजे एकाच शॉटमध्ये पॅन करून मग टिल्ट केलं, तर फिल्टरला हात न लावताही लकाकी पालटते. त्यात एक्स्पोजरसाठी रिंग फिरवली की दोन बदल एकमेकांत मिसळतात आणि एडिटिंगला बसल्यावर ते सुटे करता येत नाहीत. आकाशाचंही तेच. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून भिंत समोरून घेतली तर मागचं आकाश फारसं ध्रुवित नसतं, पण कॅमेरा उत्तरेकडे वळला की सूर्यापासून 90 अंशांवरचा गडद निळा पट्टा वाइड लेन्समध्ये डागासारखा दिसतो. बिदरीच्या सुरईवरची चांदीची नक्षी मात्र याला फारशी दाद देत नाही, कारण धातूवरून परतणारा उजेड काचेवरच्यासारखा ध्रुवित होत नाही. दुकानात चांदी किंवा स्टील समोर धरून फिल्टर तपासणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तपासायचंच तर काच किंवा पाणी समोर ठेवा.

आता 'एक ते नऊ स्टॉप, एकाच फिल्टरमध्ये' या जाहिरातीकडे येऊ. पहिला पोलरायझर साधारण एक स्टॉप खातो. पुढचं सगळं काम दोन काचांमधला कोन करतो, आणि त्याचा नियम सरळ रेषेत चालत नाही. 45 अंशांवर एकूण दोन स्टॉप, 60 वर तीन, 69 वर चार, साडेपंच्याहत्तरवर पाच. दोन ते पाचपर्यंत जायला तीस अंशांचा मोकळा प्रवास आहे. पाच ते आठ हे तीन स्टॉप मात्र पुढच्या साडेनऊ अंशांत कोंबलेले असतात. सात ते आठ तर जेमतेम दोन अंशांत. रिंगला बोटाचा धक्का लागला तरी एक्स्पोजर उडी मारतं. वाइड लेन्सवर दिसणारी ती बदनाम 'एक्स'ची आकृती इथलीच आहे. कोपऱ्यातून तिरके येणाऱ्या किरणांसाठी दोन काचांचा छेद मधल्या किरणांइतका नेमका राहत नाही, आणि दोन अंशांना एक स्टॉप असा भाव असेल तिथे एवढासा फरकही फ्रेमभर उठून दिसतो.

म्हणून मी दोन ते पाच स्टॉपचाच फिल्टर घ्या म्हणतो. यावर दोन आक्षेप येतात. पहिला: मोठ्या पल्ल्याचा फिल्टर घेऊन त्यातला दोन ते पाचचाच भाग वापरला तर काय बिघडलं? भौतिकशास्त्राच्या दृष्टीने काहीच नाही. पण लग्नाच्या वरातीत हात कुठे थांबला हे कोण बघतं? दोन्ही टोकांना अडणारा पक्का थांबा असेल, तर बोटं न बघता काम करतात. मी पैसे त्या थांब्याचे मोजीन. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आपल्या उन्हाला पाच स्टॉप पुरतात का? हिशोब करू. भर उन्हात आयएसओ 100 ला एफ/16 आणि 1/100 शटर. आपण 25 फ्रेमला 1/50 ठेवतो, म्हणजे एफ/22. तिथून एफ/4 पर्यंत पाच स्टॉप, एफ/2.8 पर्यंत सहा. एफ/4 वर काम भागतं. लॉगमध्ये कॅमेऱ्याचा आयएसओ 800 वर अडकला असेल तर मात्र एफ/4 ला आठ लागतात, आणि तिथे सहा ते नऊचा वेगळा फिल्टर घ्यावा, नाहीतर सरळ फिक्स एनडी लावावा. गाणगापूरच्या संगमावर, जिथे भीमेच्या गढूळ पाण्यावर आकाशाची झाक हवी की खालचा मातकट रंग हा निर्णय फिल्टरवर सोडायचा नसतो, तिथेही मी फिक्सच लावीन.

उन्हातून सावलीत चालत जाणाऱ्या शॉटचं काय, असं कोणी विचारेलच. कलबुर्गीच्या किल्ल्यातली 1367 ची जामा मशीद घ्या: मोकळं अंगण नाही, सगळी वास्तू छताखाली, आणि दाराबाहेर रणरणतं ऊन. दोन ते पाचचा फिल्टर इथे तीनच स्टॉप हलवतो, आणि आत शिरल्यावरही किमान दोन स्टॉप गिळत बसतो. हा शॉट खऱ्या अर्थाने सोनीच्या एफएस5 किंवा एफएक्स6 सारख्या कॅमेऱ्यांतल्या इलेक्ट्रॉनिक एनडीचा आहे. त्यात पुढे फिरणारा पोलरायझर नसल्यामुळे उजेड बदलताना लकाकीची दिशा हलत नाही. ते बजेट नसेल तर शॉट दारात कापावा. उंबरठा ही कटसाठी सोयीची जागा आहे, प्रेक्षकाला ती खटकत नाही.

मापाचं म्हणाल तर सगळ्यांत मोठ्या लेन्सचं, बहुधा 77 किंवा 82 मिलिमीटरचं घ्या आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग लावा. लेन्सहूड मग बसत नाही, त्यामुळे सूर्य समोर आला तर हाताने आडोसा धरायची तयारी ठेवा. रंगछटेचं, काळा कोट तपकिरी का होतो ते, पुढच्या आठवड्यात नक्की.