वय झालं म्हणून सोडून देऊ नका

"आई, आत्ताच तर घेतला चहा!" हे वाक्य मी दिवसातून दहादा म्हणू लागले होते. मी अमरावतीची, सासर अकोल्याचं. सासूबाईंना मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी, आता बंद पडलेली 'शकुंतला' गाडी लख्ख आठवायची, सकाळचं जेवण मात्र नाही. एकदा पाटल्या स्वतःच पिठाच्या डब्यात ठेवल्या नि संशय माझ्यावर! खूप रडले हो त्या दिवशी. 'वय झालं' म्हणत वर्षभर आम्ही डॉक्टरांकडे गेलोच नाही.

मेंदूत दोन्ही बाजूंना, कानांच्या पातळीवर आत, हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो. आजची गोष्ट आधी तिथे नोंदली जाते; जुन्या आठवणी मेंदूत इतरत्र मुरलेल्या असतात. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलायसन या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून हा भाग बराचसा काढला. बालपण आठवत राहिलं, नवं काही टिकेना. २००८ मध्ये मरेपर्यंत!

सासूबाईंचं नशीब बरं. रक्तात बी-१२ फारच कमी निघालं. आम्ही शाकाहारी, त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. त्यानेही बी-१२ घटतं. (गोळी आपल्या मनाने बंद करू नका बरं!) थायरॉइड, झोपेच्या गोळ्या, उदासी यांनीही विसर पडतो. अल्झायमर बरा होत नाही, पण हे बरंचसं सुधारतं. उशीर मात्र नको.

इंजेक्शनं सुरू झाली. तीनेक महिन्यांनी मी सवयीने चहा पुढे केला, तर म्हणाल्या, "आत्ताच घेतला न वो मी. तूच तर दिला!"